झिपरीच्या खाजेचा छडा

आमच्या झिपरी या कुत्रीला खाज नेमकी कशाची सुटते, हे कळायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं. फेब्रुवारीत सुरू झालेलं प्रकरण पुढच्या जानेवारीत मार्गी लागलं. आता ती रात्रभर झोपते, म्हणून मलाही निवांत बसून लिहिता येतंय. सुरुवातीच्या दिवसांत मला एवढंच हवं होतं, की यातून आधी गेलेल्या कुणीतरी पुढे काय काय येणार आहे ते सांगावं. कुठे थांबावं लागतं, कुठे घाई करून चालत नाही, खर्च कुठे वाढतो. तेवढ्यासाठीच हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं येतील ती झिपरीला मिळाली म्हणून. मात्रा मुद्दामच लिहिलेल्या नाहीत, कारण ती वजनावर आणि बाकीच्या तब्येतीवर ठरते.

झिपरी तेव्हा दीड वर्षाची होती. पहिलं लक्षण म्हणजे पुढचे पंजे चाटणं. ती चाटतच राहायची, आणि तिच्या पांढऱ्या पंजांवरचे केस हळूहळू तांबूस तपकिरी झाले. लाळेतल्या रंगद्रव्यामुळे असे डाग पडतात. म्हणजे कुत्रं आपल्या नजरेआड किती चाटतं, याचा तो पुरावाच. मग कानांच्या आतली बाजू लाल झाली, नंतर बगला आणि जांघा. मार्चपर्यंत पोटावर बारीक पुटकुळ्या आणि गोल खपल्या दिसायला लागल्या. रात्री तिच्या गळपट्ट्याचा आवाज सुरू झाला की घरातलं कुणीच झोपत नसे. सगळ्यात वाईट म्हणजे ती खेळता खेळता मध्येच थांबून खाजवायला बसायची. एवढं लहान जनावर, आणि त्याला धावतासुद्धा येऊ नये, हे बघवत नव्हतं.

जवळच्या दवाखान्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालं आणि दोन दिवसांत खाज पळाली. आम्ही खूश झालो. मात्र त्या दिवसांत ती खूप पाणी प्यायची, सारखी लघवीला जायची आणि तिला सतत भूक लागायची. स्टेरॉइडवर हे होतंच, हे आधी माहीत असतं तर आम्ही घाबरलो नसतो. महिन्याभरात खाज परत आली. दुसऱ्यांदा तेच इंजेक्शन सुचवलं गेलं, तेव्हा आधी काही तपासणी करता येईल का, असं मी विचारलं. तिथे तशी सोय नव्हती. मग त्वचारोगाचं काम करणाऱ्या एका पशुवैद्यांच्या नावानं चिठ्ठी मिळाली.

त्यांची वेळ मिळायला जवळजवळ महिना लागला. त्या काळात करायची कागदपत्रं बरीच होती, आणि ती नीट केल्याचा पुढे फार उपयोग झाला. आधीच्या दवाखान्यातून सगळे केसपेपर, औषधांची नावं आणि तारखा मागून घ्याव्या लागतात. विशेषतः स्टेरॉइड कधी दिलं आणि ते लवकर उतरणारं होतं की शरीरात बराच काळ राहणारं, हे हवंच. नव्या दवाखान्यानं एक लांबलचक प्रश्नावली पाठवली होती. खाज कितव्या वयात सुरू झाली? ऋतूप्रमाणे कमी-जास्त होते का? आधी खाज आली की आधी पुरळ? घरातल्या माणसांना काही उठलंय का? शेवटचा प्रश्न वाचून मी दचकले होते, पण त्याला कारण आहे. सार्कोप्टिस नावाच्या किड्याची खरूज माणसांनाही तात्पुरती त्रास देते. दुसरी सूचना अशी होती, की भेटीआधीचे काही दिवस आंघोळ घालू नका, कान साफ करू नका. जे शोधायचं तेच धुऊन जाऊ नये म्हणून.

याच काळात एक वही सुरू केली. रोज रात्री शून्य ते दहा या पट्टीवर खाजेला गुण द्यायचे. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे खाणं-झोपणं सोडून सतत खाजवणं. निरोगी कुत्रंही दिवसातून थोडंफार खाजवतंच, त्यामुळे दोनच्या आतला आकडा चांगलाच समजायचा. शेजारी दोन शब्द: कान, पंजे, पोट, जिथे असेल ते. दर रविवारी त्याच जागांचे, त्याच खिडकीच्या उजेडात फोटो. हे सगळं दोन मिनिटांचं काम, पण आपल्या आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही. एक वाईट रात्र गेली की ‘काहीच फरक नाही’ असं वाटायला लागतं, आणि वहीत मात्र आठचे सहा झालेले दिसतात.

मे महिन्यातली पहिली भेट बराच वेळ चालली. डॉक्टरबाईंनी आधी बारीक दातांचा कंगवा फिरवून निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकली. भुकटीभोवती लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, कारण तिच्यात पचलेलं रक्त असतं. आमच्या कागदावर एक-दोन ठिपके लाल झाले. झिपरीच्या अंगावर एकही पिसू कधी दिसली नव्हती! मग त्यांनी कातडी पात्यानं खरवडली, किंचित रक्त येईपर्यंत. डेमोडेक्स हे किडे केसांच्या मुळाशी खोल राहतात, म्हणून इतकं खरवडावं लागतं. झिपरी कुंईकुंई करत माझ्या काखेत तोंड खुपसून बसली. चिकटपट्टी पंजांच्या बेचक्यांत दाबून घेतली, कानातला मळ काडीवर घेतला, आणि सगळं तिथेच मायक्रोस्कोपखाली पाहिलं. बुरशीच्या तपासणीसाठी थोडे केस प्रयोगशाळेत गेले. तो निकाल यायला दोन-तीन आठवडे लागतात, कारण बुरशी वाढण्याची वाट पाहावी लागते.

अर्ध्या तासात कळलं ते असं: पोटावर गोल जिवाणू, पंजांत आणि कानांत मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट, डेमोडेक्स नाही. सार्कोप्टिस दिसला नाही, पण तो खरवडीत बऱ्याचदा सापडत नाही, त्यामुळे त्याला औषध देऊनच यादीतून काढायचं. पुढे त्या म्हणाल्या, “आत्ता जो दिसतोय तो संसर्ग पाहुणा आहे. त्याला दार कुणी उघडलं ते आपल्याला शोधायचंय. एकेक शक्यता खोडत जायचं, वेळ लागेल. तुमची तयारी आहे ना?” मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार हलकं वाटलं. निदान झालं नव्हतं, पण क्रम ठरला होता.

पहिला क्रमांक परजीवींचा. आयसोक्साझोलिन गटातलं एक औषध दिलं. ते पिसवा, गोचिडी आणि दोन्ही प्रकारच्या खरजेच्या किड्यांवर चालतं. ज्या कुत्र्याला कधी फिट आली असेल, त्याच्या पालकांनी हे औषध देण्याआधी डॉक्टरांना ते जरूर सांगावं. घराचं काम मात्र आमच्याकडे होतं. पिसवांची बहुतेक फौज जनावराच्या अंगावर नसतेच. अंडी, अळ्या आणि कोश गालिच्यात, फटींत, अंथरुणात असतात, आणि कोशातली पिसू कित्येक महिने तग धरू शकते. म्हणून औषध दिल्यावरही काही आठवडे नव्या पिसवा निघत राहतात. औषध लागू पडत नाही असं वाटून सोडून देऊ नये. आम्ही तिचं अंथरूण दर आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुतलं, कोपऱ्याकोपऱ्यात व्हॅक्यूम फिरवला. घरात दुसरं कुत्रं किंवा मांजर असेल तर सगळ्यांनाच औषध लागतं, पण कुत्र्याचं मांजराला कधीही लावायचं नाही. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

दुसरा क्रमांक संसर्गाचा. पोटात घ्यायचं अँटिबायोटिक लगेच दिलं नाही, याचं मला आधी आश्चर्य वाटलं. वरवरच्या संसर्गाला क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शांपू पुरू शकतो आणि गोळ्या खऱ्या गरजेसाठी राखून ठेवता येतात, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. शांपूची सगळी मदार वेळेवर आहे. फेस अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे, आणि ओल्या, अस्वस्थ कुत्र्याबरोबर दहा मिनिटं म्हणजे खूप. आम्ही घड्याळ लावायचो आणि सर्वांत खराब जागांपासून, म्हणजे पंजे, बगला, पोटापासून सुरुवात करायचो, म्हणजे तिथे औषध जास्त वेळ टिकतं. पाणी कोमट, गरम नाही. गरम पाण्यानं खाज वाढते. नंतर घासून पुसायचं नाही, टॉवेल दाबून पाणी टिपायचं आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. माणसांचा शांपू वापरायचा नाही. आपली कातडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्या मानानं उदासीन, शिवाय तिचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ. कानाची नळी इंग्रजी एल अक्षरासारखी वळलेली असते, म्हणून काडी आत घालून मळ निघत नाही, उलट खाली ढकलला जातो. औषधी द्राव भरायचा, कानाच्या मुळाशी चोळायचं, तिला डोकं झटकू द्यायचं आणि वर आलेलं कापसानं टिपायचं.

जूनमध्ये बुरशीचा निकाल नकारात्मक आला. चिकटपट्टीची तपासणी पुन्हा झाली, जिवाणू आणि यीस्ट जवळजवळ गेले होते. पुटकुळ्या गेल्या, वास गेला, पोटावर केस उगवायला लागले. खाज मात्र सहावर अडून राहिली. म्हणजे दार उघडणारा अजून घरातच होता.

तिसरा टप्पा आहाराचा, आणि या सगळ्यात मला तोच सर्वांत जड गेला. अन्नाची ॲलर्जी ओळखायला भरवशाची रक्ततपासणी नाही. केस किंवा लाळ पाठवून करायच्या चाचण्यांवर तर अजिबात विसंबू नये, असं डॉक्टरबाईंनी ठामपणे सांगितलं. खरी चाचणी एकच: आठ आठवडे असं अन्न, ज्यातली प्रथिनं शरीराला ओळखू येणार नाहीत. एक तर पूर्वी कधीच न खाल्लेलं प्रथिन, नाहीतर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं तयार खाणं. आम्ही दुसरं निवडलं. आठच आठवडे का, हेही विचारलं. पाच आठवड्यांत बऱ्याच कुत्र्यांना फरक पडतो, पण काहींना उशिरा पडतो, आणि आठव्या आठवड्यापर्यंत अन्नाची ॲलर्जी असलेल्या 90 टक्क्यांहून अधिक कुत्र्यांमध्ये सुधारणा दिसते.

या आठ आठवड्यांत तोंडावाटे दुसरं काहीही जाता कामा नये. यात बक्षिसाचे तुकडे आले हे लगेच कळतं. चवदार केलेल्या गोळ्या, टूथपेस्ट, जिलेटिनची कॅप्सूल आणि चघळायची हाडंही त्यात येतात, हे मात्र सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. परजीवींचं चघळायचं औषधही बदलून मानेवर लावायचं घेतलं. आम्ही दारावर आणि फ्रिजवर मोठ्या अक्षरांत सूचना लावली: ‘झिपरीला काहीही देऊ नका, विचारूनही नाही.’ आई म्हणाली, “एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय गं?” मी तिला वहीतला आलेख दाखवला आणि म्हटलं, एका तुकड्यानं काय झालं ते कळणारच नाही, आणि मग पुन्हा पहिल्या दिवसापासून. त्यानंतर घरातली सर्वांत कडक पहारेकरी आईच झाली. बक्षीस म्हणून त्याच खाण्याचे दाणे रोजच्या वाट्यातून काढून वेगळ्या डबीत ठेवले. डबीचा आवाज वेगळा, म्हणून झिपरीला ते वेगळं वाटायचं. फिरायला जाताना नजर सतत जमिनीवर ठेवावी लागते. भेटणाऱ्यांचं मन मोडावं लागतं.

एवढा काळ कुत्र्याला खाजत ठेवायचं का, ही माझी मोठी काळजी होती. तसं करावं लागत नाही. सुरुवातीचे काही आठवडे तिला खाज थांबवणाऱ्या ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या दिल्या आणि शेवटच्या टप्प्यात बंद केल्या, म्हणजे अन्नाचा खरा परिणाम दिसावा. गोळ्या थांबल्या आणि आकडा पुन्हा सहावर गेला. सप्टेंबरच्या सुरुवातीला जुनं खाणं परत दिलं. अन्नाची ॲलर्जी असती तर काही तासांत ते दोन आठवड्यांत खाज उसळली असती. तसं काहीच झालं नाही. त्या रात्री मला रडू आलं. इतके आठवडे पाळलेलं पथ्य वाया गेलं असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी फोनवर डॉक्टरबाई म्हणाल्या, “वाया कसं? आता तिला आयुष्यभर काय खायला घालायचं याची भीती नाही.” आणि ते खरंच आहे. ज्यांचा निकाल उलटा येईल, त्यांना पुढे एकेक पदार्थ चाचपून दोषी शोधता येतो. कुत्र्यांमध्ये गोमांस, दुधाचे पदार्थ, कोंबडी आणि गहू ही नेहमीची नावं आहेत.

सगळं खोडून झाल्यावर उरलं ते ॲटोपिक डर्माटायटिस, म्हणजे परागकण, धुळीतले किडे, बुरशीचे कण अशा आसपासच्या गोष्टींची ॲलर्जी. हे निदान असंच होतं, इतर कारणं वगळून. वयही जुळत होतं, हा आजार बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होतो. पंजे, कान, बगला, जांघा या जागाही त्याच्याच. हा बरा होऊन संपत नाही, ताब्यात ठेवायचा असतो. हे ऐकायला जड गेलं, तरी त्याला नाव मिळाल्याचं समाधान त्याहून मोठं होतं.

ऑक्टोबरमध्ये उपचारांचे पर्याय समोर मांडले गेले. ऑक्लासिटिनिबची गोळी दिवसभरात असर दाखवते, पण रोज द्यावी लागते, बारा महिन्यांखालच्या पिल्लांना चालत नाही, आणि अधूनमधून रक्त तपासावं लागतं. लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन साधारण महिन्यातून एकदा, फक्त कुत्र्यांसाठी. खाजेचा निरोप पोचवणारं एक प्रथिन ते अडवतं. सायक्लोस्पोरिनचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. प्रत्येकाचा खर्च वजनाप्रमाणे वाढतो, म्हणून मोठ्या कुत्र्याच्या पालकांनी महिन्याचा नव्हे, वर्षाचा अंदाज लेखी मागावा. तपासण्या, औषधं आणि फेरभेटी वेगवेगळ्या लिहून मागितल्या की काय पुढे ढकलता येईल तेही दिसतं. आमच्या हिशेबात मायक्रोस्कोपच्या तपासण्या सगळ्यात स्वस्त ठरल्या आणि सगळ्यात जास्त उपयोगाच्याही. विमा घेणार असाल तर अटी नीट वाचा. विमा काढण्याआधी सुरू झालेला आजार अनेक ठिकाणी त्यात धरत नाहीत.

आम्ही गोळ्यांवर राहून नोव्हेंबरमध्ये त्वचेवरची ॲलर्जी चाचणी केली. ही चाचणी आजार आहे की नाही हे ठरवत नाही, निरोगी कुत्र्यांतही प्रतिक्रिया उमटतात. निदान पक्कं झाल्यावर ॲलर्जीच्या लसीत (ज्याची ॲलर्जी, त्याचेच थोडेथोडे अंश देऊन शरीराला सवय लावणारी) काय घालायचं ते ठरवायला ती लागते. आधी अँटिहिस्टामिन (ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्या) किमान आठवडाभर आणि पोटातून दिलेलं स्टेरॉइड दोन आठवडे बंद असावं लागतं, लांब टिकणाऱ्या इंजेक्शनला त्याहून जास्त. ऑक्लासिटिनिब मात्र चालतं. त्या दिवशी उपाशी न्यायचं, गुंगीच्या संमतिपत्रावर सही करायची. छातीच्या एका बाजूचे केस कापून बारीक सुयांच्या रांगा टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी फुगवटे मोजतात. झिपरीच्या अंगावर धुळीतल्या किड्यांचे फुगवटे ठळक होते.

डिसेंबरमध्ये त्यानुसार बनवलेली लस, म्हणजेच इम्युनोथेरपी, सुरू झाली. पहिल्या मात्रा दवाखान्यात घेतल्या आणि नंतर काही वेळ तिथेच बसलो, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. पुढच्या मी घरी कातडीखाली टोचायला शिकले. ज्यांना सुईची भीती वाटते त्यांच्यासाठी जिभेखाली घालायचे थेंबही असतात. निम्म्याहून अधिक कुत्र्यांना हिचा चांगला उपयोग होतो, पण निकाल द्यायला वर्षभर थांबावं लागतं.

या वर्षात सल्ले खूप मिळाले, बहुतेक प्रेमापोटी. दोन गोष्टींना मात्र मी स्पष्ट नाही म्हटलं, आणि तुम्हीही म्हणा. टी ट्री तेल कुत्र्या-मांजरांना विषारी आहे. झिंक ऑक्साइडचं माणसांचं मलमही नको, कुत्रं ते चाटणारच आणि ते पोटात गेलं की विषबाधा होऊ शकते. चाटणं थांबवायला गळ्यात कोन, म्हणजे तोंडाभोवतीचा शंकूसारखा पट्टा, लागतोच. झिपरी त्यात रुसून बसायची, मग जखम नसलेल्या दिवसांत मऊ, फुगवता येणारा गळपट्टा चालला.

आता रोजचं असं आहे: एक गोळी, फिरून आल्यावर पंजे ओल्या कापडानं पुसणं, आठवड्याला औषधी आंघोळ, अंथरूण गरम पाण्यात, महिनोन् महिने न चुकता परजीवींचं औषध. ओमेगा-3 चं तेल चालू आहे, त्याचाही फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. वहीतला आकडा बहुतेक दिवशी दोन-तीनवर असतो. एखाद्या आठवड्यात अचानक पाच होतो. तेव्हा औषध वाढवण्याआधी चिकटपट्टीची तपासणी करून घेतो, कारण निम्म्या वेळा तो यीस्टच असतो आणि शांपू वाढवून भागतं. पुढची फेरभेट एप्रिलमध्ये आहे. तेव्हा रक्ततपासणी होईल, आणि वहीतले आकडे असेच राहिले तर गोळी एक दिवसाआड करून बघायचं ठरलंय.